डबोच्या पलीकडचं इस्पितळ आणि एक न झालेली नोंद

या ट्रिपचं ठरलं ते आमच्या मागच्या कुंपणापाशी, कपडे वाळत घालताना.

इथे ऑस्ट्रेलियात, केलीव्हिलला, आमच्या शेजारी डॉक्टर हिरेमठ राहतात, मुलगा विनय आणि सुनेकडे. वय अठ्ठ्याहत्तर. मूळचे उत्तर कर्नाटकातल्या एका तालुक्याच्या गावचे. घरची भाषा कन्नड, पण डॉक्टरकी मिरजेला शिकले, त्यामुळे मराठी अगदी सफाईदार बोलतात. निर्जीव वस्तूंचं लिंग तेवढं चुकतं: ती चमचा, तो खुर्ची. आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणतो.

त्या शनिवारी ते कुंपणाला टेकून म्हणाले, "मेधा, तू लांबलांब गाडी घेऊन जातेस आणि लिहितेस ना? मला एक गावाला नेशील काय?"

गाव म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातलं, नदीकाठचं, डबो शहराच्याही पलीकडचं. तिथल्या सरकारी इस्पितळात काकांनी वीसेक वर्षं काढली. आता ती इमारत पाडणार होते. पाडायच्या आधी एक दिवस सगळ्यांना आत फिरता येणार होतं, आणि गावातली इतिहासप्रेमी मंडळी इस्पितळावर एक छोटं पुस्तक काढत होती. त्यासाठी काकांकडून चार पानं मागितली होती.

विनय म्हणाला होता, "अप्पा, व्हिडिओ कॉल करा." काकांच्या डोळ्यांत मधोमध डाग आलाय. गाडी चालवणं सोडाच, पेपरातली अक्षरंही दिसत नाहीत. एकटं जाणं शक्य नव्हतं.

मी पॅरामॅटाला एका सरकारी खात्यात आयटीत आहे. रजा शिल्लक होती. नवरा म्हणाला, "तुला आउटबॅक बघायचंच होतं ना?" आउटबॅक म्हणजे इथला आतला, कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख. मुलगी, ईरा, फोनमधून मान वर न करता म्हणाली, "मम, देअर्स लिटरली नथिंग देअर."

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. रस्ता मात्र नीट सांगते, कारण हा ब्लॉग तुम्ही रस्त्यांसाठीच वाचता. पण नेहमीसारखे कॅफे आणि सूर्यास्त या वेळी कमी आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

गुरुवार: केलीव्हिल ते डबो

सकाळी साडेसहाला निघालो. मोठ्या हायवेपेक्षा मला रिचमंडवरून जाणारा बेल्स लाइन ऑफ रोड आवडतो. वळणं जास्त, ट्रक कमी. बिलपिनला ॲपल पाय मिळतो, पण इतक्या सकाळी दुकानं बंद होती. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, ती लिथगोच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन खाल्ली. काकांनी सुनेने दिलेला थर्मास उघडला आणि त्याच वेळी मांडीवरची वही माझ्यापुढे धरली.

"चार पानं मागितली होती. वीस झालीत बघ."

अक्षर मोठं, फुटपट्टी लावून लिहिलेलं. इंग्रजीत होतं. मी चाळलं. एकोणीस पानं त्यांच्या कर्नाटकातल्या गावाच्या दवाखान्यावर होती. या ऑस्ट्रेलियातल्या गावावर फक्त शेवटचं अर्धं पान.

"काका, त्यांनी इथल्या इस्पितळाबद्दल मागितलंय."

"डॉक्टर कुठनं आला ते कळायला नको काय?" ते म्हणाले, आणि बाथर्स्ट, ऑरेंज, वेलिंग्टन असं करत डबोपर्यंत त्यांनी मला ती एकोणीस पानं तोंडी सांगितली.

त्यांच्या आजीच्या लहानपणी गावात प्लेग आला. लोक घरं सोडून शेतात झापांमध्ये राहिले. आजीचे दोन भाऊ झापातच गेले, आणि त्यांना खांदा द्यायला चार माणसं जमेनात. त्यानंतर कधीतरी लोकल बोर्डाचा दवाखाना निघाला. एक डॉक्टर, एक कंपाउंडर. औषधाला बाटली घरून न्यायची. कंपाउंडर लाल मिक्श्चर भरायचा आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. देवीची लस टोचणारा माणूस गल्लीत दिसला की आया पोरांना कणगीत लपवायच्या. मग कापसाच्या एका व्यापाऱ्याची सून बाळंतपणात गेली. त्याने तिच्या नावाने बायकांचा वॉर्ड बांधून दिला. आठ खाटा.

"मी त्याच वॉर्डात जन्मलो. आणि पहिली पोस्टिंग पण तिथंच मिळाली," काका म्हणाले.

त्या वॉर्डात भूलतज्ज्ञ नव्हता, रक्ताची सोय नव्हती, वीज आली तर आली. एका बाईला तीन दिवस कळा देऊन बैलगाडीतून आणलं होतं. काकांनी पेट्रोमॅक्सच्या उजेडात तिचं पोट उघडलं. कंपाउंडर तोंडावरच्या जाळीवर थेंब थेंब ईथर टाकत होता. बाई जगली, मूलही जगलं.

"यंत्र काय होतं आमच्याकडे? हे दोन." त्यांनी हात वर केले. "पोटावर ठेवायचे. डोकं कुठं, ढुंगण कुठं, सगळं कळतं. डोळे मिटून कळतं."

वेलिंग्टनच्या पुढे त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "सगळं चांगलंच नव्हतं." कुटुंबनियोजनाची शिबिरं भरायची. शाळेचे वर्ग रिकामे करून बाकं जोडायची, एका दिवसात इतक्या बायका झाल्याच पाहिजेत असा वरून आकडा यायचा. अशा एका शिबिरानंतर आठवड्याने एक बाई परत आली, अंग धनुष्यासारखं वाकलेलं. धनुर्वात. ती गेली. जिल्ह्याच्या साहेबांनी सांगितलं, मृत्यूचं कारण 'ताप' लिहा.

"आणि तुम्ही?"

"लिहिलं." ते बाहेर बघत म्हणाले. "वर्षाच्या आत देश सोडला. मी लोकांना सांगतो, शिकायला गेलो."

आता त्या गावच्या सरकारी दवाखान्यासमोर स्कॅन सेंटरांची रांग आहे म्हणे, आणि व्यापाऱ्याच्या सुनेच्या वॉर्डाला कुलूप.

डबोला दुपारी दोनच्या सुमारास पोचलो. पुढे गेलो नाही. अंधार पडायला लागला की कांगारू रस्त्यावर येतात, आणि कांगारूला धडकलेली गाडी कशी दिसते ते पुढच्या रस्त्यावर जागोजागी दिसतंच. हायवेच्या कडेची साधी मोटेल चालते. खोल्या आधी बुक करा, शाळांच्या सुट्टीत मिळत नाहीत.

शुक्रवार: डबो ते गाव

डबोला टाकी पूर्ण भरा, वाटेतल्या निंगनला पुन्हा भरा. त्यापुढे पंप कधी उघडा असेल याचा भरवसा नाही. माणशी पाच लिटर तरी पाणी ठेवा. निंगननंतर फोनला रेंज नाही, नकाशा आधी उतरवून घ्या. रस्ता सरळ, इतका की स्टिअरिंग धरून हात अवघडतात. तीन-तीन डबे जोडलेले लांबलचक ट्रक, म्हणजे रोड ट्रेन, समोरून येतात तेव्हा गाडी हलते. शेतं संपतात, मग झाडं खुजी होतात, मग लाल माती. एमू पक्षी गाडीबरोबर पळतात आणि अचानक आडवे येतात.

या भागात काकांनी खिडकीकडे तोंड केलं. नजरेला नीट दिसत नव्हतं तरी तसेच बसून होते. एका ठिकाणी म्हणाले, "वेग किती आहे?" मी सांगितला. "ठीक आहे," म्हणाले.

डबो ते गाव साडेतीन तास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत तो महत्त्वाचा आहे.

गावात एक रुंद रस्ता, दोन पब, एक बेकरी, निम्मी दुकानं बंद. इस्पितळ टोकाला. लांबलचक विटांची इमारत, चहूबाजूंनी व्हरांडा, पत्र्याचं छप्पर. शेजारी नवीन, चकचकीत, पण लहानसं केंद्र उभं राहिलंय: वृद्धांसाठी काही खाटा, एक इमर्जन्सीची खोली, आणि डॉक्टर असला तर डॉक्टर. बाळंतपण नाही. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली.

व्हरांड्यात सॉसेज भाजत होते. काका उतरले आणि कोणीतरी ओरडलं, "डॉक!" पुढचा तासभर मी नुसती बघत राहिले. सहा फुटी, दाढीवाले, उन्हाने भाजलेले पुरुष येऊन काकांना सांगत होते, मला तुम्ही काढलंत. एका बाईने तिघी बहिणींना ओळीने उभं केलं, तिघी त्यांच्याच हातच्या. काका आवाजावरून ओळखत होते, आयांची नावं घेत होते. मला वाटलं, ट्रिप सार्थकी लागली.

जुन्या लेबर रूममध्ये खाट नव्हती. फरशीवर तिच्या चाकांचे चार गंजके डाग होते, भिंतीत ऑक्सिजनचा नळ होता, आणि खिडकीतून नदीकडची गमची, म्हणजे निलगिरीची, झाडं दिसत होती. तिथे आम्ही दोघंच होतो तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, बारीक, कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कामगारांचा पिवळा शर्ट घातलेली.

"हॅलो, डॉक्टर," ती म्हणाली. "मी जोडी."

ती अर्थात इंग्रजीत बोलत होती. मी इथे मराठीत लिहितेय. काकांनी आवाज ओळखला. त्यांचा हात भिंतीकडे गेला.

"मी तुम्हाला बोलावून घेतलंय," जोडी म्हणाली. "पुस्तकवाल्यांना तुमचं नाव मी सुचवलं. नाहीतर तुम्ही आला नसता."

"नसतो आलो," काका म्हणाले.

मग तिने माझ्यासमोरच, एका दमात सांगितलं. मी कोण आहे हे तिने विचारलंही नाही.

प्रसूती विभाग बंद झाल्यावर गावातल्या बायकांनी तारखेच्या दोन आठवडे आधी मोठ्या शहरात, म्हणजे डबोला, जाऊन खोली घेऊन राहायचं, असा नियम झाला. जोडीही जाणार होती. पण कळा तीन आठवडे आधीच सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. दुपारी नवऱ्याबरोबर ती इथे, या इस्पितळात आली. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या अपघातावर गेली होती. काका ड्यूटीवर होते. त्यांनी कळा किती वेळाने येतात ते विचारलं आणि सांगितलं, पहिलं आहे, वेळ आहे, ताबडतोब निघा. ते दोघं आपल्या गाडीने निघाले. दीड तासावर, रस्त्याच्या कडेला, मुलगी जन्मली. पाय आधी आले. डोकं अडकलं. नवऱ्याला काय करायचं ते माहीत नव्हतं. फोनला रेंज नव्हती.

"तिचं नाव रुबी," जोडी म्हणाली.

नंतर चौकशी झाली. अहवालात लिहिलं गेलं की कुटुंबाने स्वतःच्या निर्णयाने प्रवास केला. इस्पितळात आल्याची नोंद नाही.

"नोंद नाही, कारण तुम्ही नर्सला म्हणालात, कागद भरत बसू नका, त्यांना जाऊ दे. मी तिथे उभी होते. चौकशीत नर्सने तोंड उघडलं नाही आणि तुम्हीही नाही. या गावात इतकी वर्षं लोकांना वाटतं की मी हट्टीपणाने घरी बसले आणि वेळेवर निघाले नाही. माझी सासू मरेपर्यंत हेच म्हणत होती. नवरा गेला क्वीन्सलँडला, खाणीत. तोही शेवटी शेवटी तेच म्हणायला लागला, आणि तो तर माझ्याबरोबर होता!"

बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं. सॉसेजचा वास आत येत होता.

"मला माफी नकोय," ती म्हणाली. "मला कागद हवाय. सही केलेला. मी आले होते, एवढं."

ती गेली. काका भिंतीला धरून उभे होते. मी म्हटलं, "काका, बसा," पण बसायला तिथे काहीच नव्हतं.

मोटेलवर आल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, बाहेर अंधार पडायला लागला होता. म्हणाले, "तुझा लॅपटॉप काढ. माझे डोळे नाहीत, तू लिही."

मी घाबरले, हे कबूल करते. म्हटलं, विनयला फोन करू या का आधी? वकिलाला विचारू या का?

"विनय नको म्हणेल," काका म्हणाले. "बरोबरच म्हणेल. तू लिही."

इथे याला स्टॅट डेक म्हणतात, म्हणजे शपथेवर दिलेलं लेखी निवेदन. नमुना नेटवर मिळतो. काका इंग्रजीत सांगत गेले: नाव, निवृत्त वैद्यकीय अधिकारी, त्या दुपारी मी कामावर होतो. ती चालत आली. तिने पोट धरलं होतं. मी नर्सला नोंद करू नको असं सांगितलं. वाक्यं छोटी होती, जुन्या केसपेपरसारखी. मग ते थांबले.

"मी तिला तपासलं नाही," मी सुचवलं. "असं लिहू?"

"नाही. तेवढं पुरत नाही." ते खुर्चीत पुढे झुकले. इंग्रजी सुटलं आणि मराठीत बोलायला लागले. "बघ मेधा. तो विभाग बंद झाला होता. कागदावर मला बाळंतपण करायची परवानगी नव्हती. पण बाई दारात आल्यावर कोण अडवतंय? मी केलं असतं तर कोणी फासावर दिलं नसतं. पण मला तेव्हा साठी जवळ आली होती, आधी एकदा मला लेखी ताकीद मिळाली होती, आणि मी म्हटलं, आता नको. मी माझी हात तिच्या पोटावर ठेवली नाही. कारण हात लावली असती तर ती माझी पेशंट झाली असती. समजलं काय तुला? मला माहीत होतं. मी विसरलो नव्हतो. मी ठरवून हात लावली नाही."

'माझा हात', मी मनात म्हटलं, आणि मला रडू आलं. मग मी ते वाक्य इंग्रजीत केलं. तीनदा लिहून खोडलं. ते ऐकत होते, आणि मी जिथे जिथे मऊ शब्द वापरला तिथे तिथे म्हणत होते, "नाही, हे काढ."

शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः इंग्रजीत सांगितलं: हात ठेवला असता तर बाळ पायाळू आहे हे मला कळलं असतं, आणि पायाळू बाळं मी अनेकदा सुखरूप बाहेर काढली होती.

दोन पानं झाली. मोटेलच्या मालकिणीने छापून दिली.

शनिवार: गावातून परत

अशा कागदावरची सही जेपीसमोर करावी लागते. जेपी म्हणजे सरकारमान्य साक्षीदार. प्रत्येक गावात कोणीतरी असतो. इथे औषधांच्या दुकानातल्या बाई होत्या. शनिवारी दुकान बारापर्यंतच उघडं. त्या काकांना ओळखत होत्या, हसून म्हणाल्या, "आत काय लिहिलंय ते मला वाचायची गरज नसते." पण कागद सरळ करताना त्यांना जोडीचं नाव दिसलं. हसू गेलं.

"यातला मजकूर खरा आहे असं तुम्ही शपथेवर सांगता?"

"होय."

सही करायची रेघ काकांना दिसेना. मी त्यांचं बोट तिथे टेकवलं. बाईंनी सही केली, शिक्का मारला आणि कागद परत देताना हळूच म्हणाल्या, "बराच वेळ लावलात, डॉक्टर."

जोडीचं घर गावाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ. अंगणात एक म्हातारा कुत्रा, पायरीवर मातीने भरलेले बूट. तिने आम्हाला आत बोलावलं नाही. उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली, मग पहिलं पान पुन्हा वाचलं.

"हात लावला असतात तर," ती म्हणाली. "ती जगली असती?"

मला वाटलं, आता काका काहीतरी डॉक्टरी बोलतील, टक्केवारी, शक्यता. ते म्हणाले, "बहुतेक. होय."

जोडी पायरीवर बसली. कुत्रा उठून तिच्याजवळ गेला. त्याच्या मानेवर हात ठेवून ती म्हणाली, "मला वाटलं होतं, हे हातात आलं की बरं वाटेल. नाही वाटत."

काकांनी हात जोडले. तिला त्याचा अर्थ कळला की नाही, माहीत नाही.

आम्ही गाडीकडे वळलो तेव्हा ती मागून म्हणाली, "जाताना ती जागा लागेल तुम्हाला. तिथे काही नाही. थांबू नका."

आम्ही थांबलो नाही. नेमकी जागा कोणती ते मला माहीत नव्हतं, आणि काकांना दिसत नव्हतं. दीड तास झाला तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. दोन्ही बाजूंना तीच लाल माती आणि तीच खुजी झाडं. रेंज नव्हती.

डबोला मुक्काम केला. काकांनी नुसता दहीभात मागितला. तो तिथे कुठून मिळणार? मी सुपरमार्केटमधून भाताचं तयार पाकीट आणि दही आणून कालवून दिला. अर्धा खाल्ला आणि झोपले.

घरी

रविवारी दुपारी केलीव्हिलला पोचलो. काकांनी दारातच विनयला सगळं सांगितलं. तासाभराने विनय आमच्याकडे आला. मी त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मेधा, तुला काय अधिकार होता? ही इज सेव्हन्टी-एट. उद्या कोणी केस केली तर? पेपरात नाव आलं तर? तू त्यांना फिरायला नेलं होतंस!"

"ते सांगत होते, मी लिहिलं."

"तू नाही म्हणायचं होतंस."

त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. विनय आता कुंपणापाशी दिसला तर नुसता हात करतो.

पुस्तकवाल्यांचा फोन आला. काकांनी शेवटच्या अर्ध्या पानाच्या जागी रुबीबद्दल एक पान पाठवलं होतं. गृहस्थ फार सौजन्याने बोलले. म्हणाले, हे पुस्तक गावाच्या आठवणींचं आहे, लोकांनी आनंदाने घरी ठेवावं असं. कर्नाटकातल्या दवाखान्याची पानं मात्र सगळ्यांना फार आवडली, ती घेणार. बाटलीवरच्या कातरलेल्या पट्टीचं चित्रही काढून घेणार आहेत.

लोक विचारतात, मेधा, आउटबॅक कसं होतं, जावं का? जा. हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात तो रस्ता माणसाला भाजून काढतो. गावोगावच्या बेकऱ्या चांगल्या आहेत. माणसं मदतीला येतात. मी एवढंच म्हणेन की त्या रस्त्यावर साडेतीन तास गाडी चालवताना एकदा विचार करा की कळा देणारी बाई मागच्या सीटवर आहे. मला आता नकाशावर दोन गावांमधलं अंतर किलोमीटरमध्ये वाचताच येत नाही. पॅरामॅटाला ऑफिसमध्ये आमच्या स्क्रीनवर 'सेवा उपलब्ध नाही' असा एक रकाना असतो, हिरव्या-लाल ठिपक्यांचा. तो मी पूर्वी पटकन खाली सरकवायचे.

निवेदनाची एक प्रत आम्ही संबंधित खात्याला पाठवली होती. गेल्या आठवड्यात उत्तर आलं, मेलवर. काका चहा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसले होते. मी वाचून दाखवलं. चौकशी पुन्हा उघडली जाणार नाही. मात्र निवेदन मूळ अहवालाला जोडण्यात आलं आहे. यापुढे जो कोणी अहवाल मागेल त्याला ही दोन पानं सोबत दिली जातील. प्रत जोडी यांनाही पाठवली आहे.

"परत वाच," काका म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी कप खाली ठेवला. दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवून बसले, डोळे मिटून.

"म्हणजे ती आली होती," ते म्हणाले.

"आली होती, काका."